ना शाळेत, ना कामावर : ‘नीट’ या शिक्क्याचा प्रवास

शिकत नाही, नोकरीधंदा करत नाही आणि कसलं प्रशिक्षणही घेत नाही, अशा तरुणांसाठी इंग्रजीत एक लघुरूप आहे: ‘नीट’. ‘नॉट इन एज्युकेशन, एम्प्लॉयमेंट ऑर ट्रेनिंग’ या शब्दांची आद्याक्षरं जोडून ते तयार झालं. भारतात ‘नीट’ म्हटलं की वैद्यकीय प्रवेशपरीक्षाच आठवते, त्यामुळे हा दुसरा ‘नीट’ आपल्या बोलण्यात रुळला नाही. सरकारी सर्वेक्षणांत मात्र तो केव्हाच येऊन बसला आहे. जपानमध्ये तर तो टोमणा म्हणून तोंडावर मारला जातो.

सरकारच्या हिशेबातून गळालेल्या मुलांना पुन्हा हिशेबात आणावं, यासाठी हा शब्द जन्मला. पुढे तोच त्या मुलांना आळशी ठरवण्यासाठी वापरला जाऊ लागला. ब्रिटन, जपान, स्पेन, मेक्सिको अशा वेगवेगळ्या समाजांत थोड्याफार फरकाने तेच घडलं: दुखणं रोजगाराच्या बाजाराचं होतं आणि शिक्का पोरांच्या कपाळी बसला. भारतातले तरुणही आता याच मापाने मोजले जात आहेत, म्हणून या शब्दाचा पूर्वेतिहास आपणही समजून घ्यायला हवा.

वेल्समधलं शून्य

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या ब्रिटनमध्ये कामगारवस्तीतला मुलगा शाळा सोडली की खाणीत, गोदीत किंवा कारखान्यात चिकटायचा. 1970च्या दशकाच्या अखेरीस ही वाट बंद होत गेली. कोळसा आणि पोलाद हे जुने धंदे बसले आणि 1980च्या दशकात देशातल्या बेकारांची संख्या 30 लाखांच्या वर गेली. शाळा सोडलेल्या मुलांसाठी सरकारने 1983 मध्ये युवा प्रशिक्षण योजना आणली. पुढे 1988 मध्ये, सोळा-सतरा वर्षांच्या प्रत्येकाला प्रशिक्षणाची जागा मिळेल अशी हमी देऊन, या वयातल्या बहुतेक मुलांचा सरकारी भत्ता काढून घेण्यात आला.

बेकारीची अधिकृत संख्या तेव्हा भत्ता घेणाऱ्यांवरून काढली जात होती. भत्ताच नाही म्हटल्यावर सोळा-सतरा वर्षांची मुलं त्या आकड्यातून जवळपास नाहीशी झाली. शाळा सुटलेली, प्रशिक्षण अर्धवट सोडलेली, नोकरी नसलेली मुलं वस्तीत दिसत होती. सरकारच्या लेखी ती नव्हती.

ती सापडली दक्षिण वेल्समध्ये. कार्डिफ शहर ज्या साउथ ग्लॅमॉर्गन काउंटीत येत होतं, तिथल्या करिअर मार्गदर्शन सेवेकडे शाळा सोडणाऱ्या मुलांच्या नोंदी असत. शिक्षण, प्रशिक्षण आणि नोकरी यांना वेगवेगळे क्रमांक दिलेले होते. यातलं काहीच नसेल, तर त्या मुलापुढे शून्य. डेव्हिड इस्टन्स, गॅरेथ रीस आणि हॉवर्ड विल्यमसन या संशोधकांनी या नोंदी तपासून 1994 मध्ये अहवाल दिला. त्या भागातली सोळा-सतरा वर्षांची 16 ते 23 टक्के मुलं कोणत्याही वेळी या शून्यात असतात, असा त्याचा निष्कर्ष होता. ज्या बेकारीचं अस्तित्वच सरकारी आकड्यांना मान्य नव्हतं, ती अशी मोजून समोर ठेवली गेली. या गटाला नाव पडलं ‘स्टेटस झिरो’.

विल्यमसन मुलांशी प्रत्यक्ष बोलले होते. त्यांना त्यांच्यात तीन तऱ्हा आढळल्या. काही जण नुसतेच गोंधळलेले, पुढे काय करायचं ते न कळणारे. काहींची वाट घरातल्या अडचणींमुळे काही काळापुरती सुटलेली. उरलेले मात्र व्यवस्थेपासून पुरते तुटलेले. तिघांना लागणारी मदत वेगळी होती. शून्याच्या रकान्यात तिघे सारखेच दिसत होते. पुढे जे घोटाळे झाले, त्यांचं मूळ या एका रकान्यात आहे.

हाडामांसाच्या मुलांना ‘शून्य’ म्हणणं लवकरच खटकू लागलं आणि त्या जागी ‘नीट’ हे सौम्य वाटणारं लघुरूप आलं. जुलै 1999 मध्ये टोनी ब्लेअर सरकारच्या सामाजिक वंचितता विभागाने ‘ब्रिजिंग द गॅप’ हा अहवाल प्रसिद्ध केला. 16 ते 18 वयोगटातली 1 लाख 61 हजार मुलं, म्हणजे त्या वयातली 9 टक्के, शिक्षण, नोकरी, प्रशिक्षण या तिन्हींच्या बाहेर आहेत, असं त्यात म्हटलं होतं. सरकारी देखभालीतून बाहेर पडलेली, आजारी आईवडिलांची शुश्रूषा करणारी, लहान वयात आई झालेली मुलं-मुली या गटात जास्त सापडतात, याकडेही अहवालाने लक्ष वेधलं. त्यातून ‘कनेक्शन्स’ नावाची मार्गदर्शन सेवा उभी राहिली. 2004 पासून गरीब घरच्या मुलांना शिक्षण चालू ठेवण्यासाठी आठवड्याला कमाल 30 पौंड भत्ता देशभर मिळू लागला. या टप्प्यापर्यंत शब्दाने आपलं काम चोख केलं होतं.

मग तो वर्तमानपत्रांच्या हाती लागला. एखादी व्यक्ती ‘नीट अवस्थेत आहे’ असं म्हणणं मागे पडलं आणि ‘तो एक नीट आहे’ असं म्हटलं जाऊ लागलं. अवस्था बदलू शकते. माणसाची जात ठरवली की ती बदलत नाही. ग्लासगोचे अभ्यासक अँडी फर्लाँग यांनी 2006 मध्येच यावर बोट ठेवलं होतं. इतक्या भिन्न परिस्थितीतल्या तरुणांना एका नावाखाली कोंबलं की धोरण चुकतं, असा त्यांचा मुद्दा होता. स्कॉटलंड सरकारने त्याच वर्षी आपल्या धोरणाला ‘मोअर चॉइसेस, मोअर चान्सेस’ असं नाव दिलं आणि ‘नीट’ हे लघुरूप शीर्षकात येऊ दिलं नाही. इंग्लंडमध्ये 2008 च्या मंदीनंतर काटकसरीचं धोरण आलं आणि शिक्षण भत्ता बंद झाला. शिक्का मात्र राहिला. 2024 च्या अखेरीस ब्रिटनमध्ये 16 ते 24 वयाचे साडेनऊ लाखांहून अधिक तरुण या वर्गात मोडत होते.

जपानमध्ये झाली हेटाळणी

जपानने हा शब्द उसना घेतला आणि त्याचा अर्थ पालटून टाकला. तिथे 1991 च्या सुमारास जमीन आणि शेअर यांचा फुगा फुटला. जपानी कंपन्यांची रीत अशी, की पदवी मिळायच्या आधीच मुलांची निवड करायची आणि पदवी मिळताच एप्रिलमध्ये त्यांना कामावर घ्यायचं. त्या एका हंगामात ज्याला नोकरी मिळाली नाही, त्याला पुढे कायमची नोकरी मिळणं फार अवघड. 1990च्या दशकात कंपन्यांनी आधीच्या कामगारांना सांभाळलं आणि नवी भरती आखडली. या काळाला जपानी लोक ‘नोकऱ्यांचं हिमयुग’ म्हणतात. एका पिढीची पायरी चुकली ती अशी; तिचे कष्ट किंवा तिचं शिक्षण कमी पडलं म्हणून नव्हे.

या पिढीसाठी आधी ‘फ्रीटर’ हा शब्द होता. इंग्रजी ‘फ्री’ आणि जर्मन ‘आर्बाइटर’ यांच्या जोडणीतून 1980च्या दशकात तो निघाला. सुटी कामं करत मोकळं जगणारा तरुण, असा त्याचा सुरुवातीचा अर्थ होता आणि त्यात थोडी ऐटही होती. तेजी ओसरल्यावर ऐट गेली, सुटी कामं तेवढी उरली. मग 2004 मध्ये अर्थशास्त्रज्ञ गेंदा युजी यांचं, पत्रकार मागानुमा मिए यांच्यासह लिहिलेलं ‘नीटो’ हे पुस्तक आलं. फ्रीटर नाहीत आणि बेकारही नाहीत, म्हणजे काम शोधतही नाहीत, असे तरुण हा त्याचा विषय होता. ही मुलं स्वतःवरचा विश्वास गमावून बसली आहेत, हे गेंदा सहानुभूतीने सांगत होते.

ऐकणाऱ्यांनी त्यातून भलतंच उचललं. त्याच वर्षी दूरचित्रवाणीवर एका चोवीस वर्षांच्या तरुणाची मुलाखत दाखवली गेली. कामाला लागणं म्हणजे हार पत्करणं, अशा अर्थाचं तो काहीतरी बोलला. त्याचं ते चित्र आणि वाक्य इंटरनेटवर वर्षानुवर्षं फिरत राहिलं. एका मुलाच्या एका वाक्यावरून लाखोंची परीक्षा झाली. आईबापांच्या जिवावर जगणारा ऐतखाऊ, हा ‘नीटो’चा अर्थ घराघरांत पोहोचला. घराबाहेरच न पडणाऱ्या ‘हिकिकोमोरी’ तरुणांशीही त्याची सरमिसळ झाली, वास्तविक ते दुखणं निराळं होतं.

आकड्यांचा घोळ तर अधिक बोलका आहे. जपानच्या कामगार मंत्रालयाने 15 ते 34 वयोगटातले नीट 2004 साठी 6 लाख 40 हजार धरले. मंत्रिमंडळ कार्यालयाच्या पाहणीत 2002 चाच आकडा साडेआठ लाखांच्या आसपास होता. घरकामाला मदत करणाऱ्या अविवाहित तरुणींना एका खात्याने वगळलं, दुसऱ्याने धरलं. मुलगी घर सांभाळते म्हणजे ती रिकामी की कामात, हे ठरवता न आल्याने एकाच देशाच्या दोन खात्यांचे आकडे दोन लाखांनी वेगळे निघाले.

समाजशास्त्रज्ञ होंडा युकी यांनी दोन सहलेखकांबरोबर 2006 मध्ये एक पुस्तक काढलं. ‘नीट म्हणू नका!’ असंच त्याचं नाव होतं. काम नकोच म्हणणाऱ्या तरुणांची संख्या 1992 ते 2002 या दहा वर्षांत जवळपास तेवढीच, चार लाखांच्या आसपास राहिली आहे, हे त्यांनी मंत्रिमंडळ कार्यालयाच्या पाहणीच्याच आकड्यांवरून दाखवलं. वाढले होते ते काम हवं असलेले आणि न मिळालेले. म्हणजे तरुणांची वृत्ती ढासळल्याचा जो गवगवा चालला होता, त्याला आकड्यांचा आधार नव्हता. तरीही दोष तरुणांच्या मनात शोधला गेला, कारण भरतीची पद्धत बदलण्यापेक्षा पोरांना उपदेश करणं सोपं होतं.

स्पेनपासून अल्जीरियापर्यंत

स्पेनमध्ये याचंच देशी रूप झालं ‘नी-नी’, म्हणजे ना शिकतो ना काम करतो. 2008 पर्यंत तिथे बांधकामाची प्रचंड तेजी होती. सोळाव्या वर्षी शाळा सोडून साइटवर गेलं तर चांगला पैसा मिळायचा, म्हणून हजारो मुलांनी शाळा सोडल्या. तेजी कोसळली तेव्हा त्यांच्या हाती ना शिक्षण राहिलं, ना काम. 2013 मध्ये पंचविशीच्या आतल्या, काम शोधणाऱ्या स्पॅनिश तरुणांपैकी निम्म्याहून अधिक बेकार होते. त्याआधी 2010 मध्ये एका वाहिनीने याच नावाचा रिअॅलिटी शो काढून ‘बिघडलेल्या’ तरुणांना वळण लावण्याचा खेळ मांडला होता. उद्ध्वस्त झालेल्या एका पिढीचं दुःख असं करमणुकीला लावलं गेलं.

मेक्सिकोत 2010 मध्ये राष्ट्रीय स्वायत्त विद्यापीठाचे प्रमुख होसे नारो यांनी देशात 70 लाखांच्या घरात ‘निनी’ असल्याचं सांगून खळबळ उडवली. सरकारने तो आकडा मान्य केला नाही. घरकाम करणाऱ्या मुली वगळल्या तर संख्या फारच लहान होते, असं सरकारचं म्हणणं होतं. इथेही वाद येऊन अडला तो मुलींपाशीच. सार्वजनिक चर्चेतला ‘निनी’ मात्र नाक्यावर उभा असलेला, गुन्हेगारी टोळ्यांच्या गळाला लागू शकणारा मुलगा होता.

पूर्व आशियात हाँगकाँगने ‘दोन्हींना मुकलेले’ अशा अर्थाचा स्वतःचा शब्द केला. चीनमध्ये म्हाताऱ्यांना कुरतडून खाणारे, असा क्रूर शब्द रूढ झाला. 2023 च्या जूनमध्ये चीनच्या शहरी तरुणांमधली बेकारी 21.3 टक्क्यांवर गेली, तेव्हा सरकारने हा आकडा प्रसिद्ध करणंच काही महिने थांबवलं आणि नंतर विद्यार्थ्यांना वगळून नव्या पद्धतीने तो द्यायला सुरुवात केली. 1988 चं ब्रिटन आणि 2023 चा चीन यांत फारसं साम्य नाही. पण न मोजलेला बेकार सत्तेला अडचणीत आणत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं.

या सगळ्यांत अल्जीरियाचा शब्द वेगळा उठून दिसतो, कारण तो रस्त्यावर जन्मला. अरबीत ‘हीत’ म्हणजे भिंत. तिला फ्रेंच प्रत्यय लावून ‘हितिस्त’ शब्द झाला: दिवसभर भिंतीला पाठ लावून उभा असलेला तरुण. तेलाच्या उत्पन्नावर चालणाऱ्या या देशात 1986 मध्ये तेलाचे भाव कोसळले आणि नोकऱ्या आटल्या. ऑक्टोबर 1988 मध्ये तरुणांचा उद्रेक रस्त्यावर आला आणि त्यानंतर देशातली एकपक्षीय राजवट संपली. ‘हितिस्त’ या शब्दात मुलगा दिसतो आणि त्याला उभं राहायला उरलेली एकमेव जागाही दिसते. ‘नीट’ या लघुरूपात माणूसही नाही आणि त्याची परिस्थितीही नाही, नुसते नकार आहेत.

जगाचं माप आणि आपली माहिती

2010 नंतर ‘नीट’ हे आंतरराष्ट्रीय माप बनलं. युरोपीय संघाने ते स्वीकारलं आणि 2013 मध्ये ‘युवा हमी’ योजना आणली. बेकार झालेल्या किंवा शिक्षण सोडलेल्या तरुणाला चार महिन्यांच्या आत नोकरी, शिक्षण किंवा प्रशिक्षण देऊ करायचं, अशी ती हमी. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांतही 15 ते 24 वयोगटातल्या अशा तरुणांचं प्रमाण 2020 पर्यंत लक्षणीयरीत्या घटवायचं ठरलं होतं. तसं झालं नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या अंदाजानुसार 2023 मध्ये जगातले दर पाचातला एक तरुण या गटात होता आणि अशा दर तिघांत दोन मुली होत्या.

भारतात 2020-21 च्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात 15 ते 29 वयाचे सुमारे एक तृतीयांश तरुण शिक्षण, रोजगार आणि प्रशिक्षण यांच्या बाहेर आढळले. मुलग्यांत हे प्रमाण साधारण सहात एक होतं. मुलींमध्ये ते निम्म्याहून अधिक होतं. ‘बेकार तरुण’ म्हटलं की आपल्या मनात पारावर किंवा चहाच्या टपरीवर बसलेला मुलगा येतो. आकडे सांगतात, की या रकान्यातला खरा मोठा गट घरात आहे आणि तो रिकामा नाही.

सर्वेक्षणाची रीतच पाहू. घरच्या शेतात बिनपगारी राबणाऱ्या व्यक्तीला आपल्या श्रमबल सर्वेक्षणात 21 हा संकेतांक मिळतो आणि ती रोजगारात धरली जाते. फक्त घरकाम करणाऱ्या बाईला 92. घरकाम करून शिवाय घरासाठी सरपण गोळा करणं, गुरांचा चारा आणणं, शिवणकाम करणं अशी कामं करणारीला 93. हे दोन्ही संकेतांक रोजगाराबाहेरचे. मराठवाड्यातली एकोणीस वर्षांची सून सकाळी घरच्या कापसात खुरपणी करते, दुपारी सरपणाची मोळी आणते, संध्याकाळी सगळ्यांच्या भाकऱ्या थापते. यातलं कोणतं काम नोंदीत येतं, त्यावर ती कामकरी ठरते की ‘नीट’. तिचा दिवस बदलत नाही, नोंद बदलते.

दुसरा मोठा गट आहे ‘तयारी’ करणाऱ्यांचा. महाराष्ट्रात आज “मुलगा काय करतो?” या प्रश्नाला लाखो घरांत “तयारी करतोय” हे उत्तर मिळतं. पहाटे गावाबाहेरच्या मैदानावर पोलीस भरतीसाठी धावणारी मुलं, पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत राज्यसेवेची पुस्तकं घेऊन बसलेली मुलं-मुली. डबा लावायचा, कॉट बेसिसवर राहायचं, घरून येणाऱ्या पैशांत महिना ओढायचा, आणि जाहिरात कधी निघते, परीक्षा पुढे तर जात नाही ना, निकाल न्यायालयात तर अडकत नाही ना, याकडे डोळे लावायचे. ही मुलं दिवसाचे दहा-दहा तास अभ्यास करतात. पण कुठल्या संस्थेत नाव नसेल, तर शिक्षणाच्या रकान्यात ती बसत नाहीत. भूगोलाचे अभ्यासक क्रेग जेफ्री यांनी मेरठच्या पदवीधर तरुणांवर 2010 मध्ये पुस्तक लिहिलं, त्याचं नाव त्या मुलांच्याच तोंडचं होतं: ‘टाइमपास’. वाट पाहणं हीच या पिढीची अवस्था आहे, हे त्यांनी तिथे नोंदवलं. आपल्याकडे त्याच अवस्थेला ‘तयारी’ हे मानाचं नाव आहे. शेती पोसत नाही, खासगी नोकरी टिकत नाही आणि लग्नाच्या बाजारात सरकारी नोकरीलाच भाव आहे, म्हणून ही मुलं तिथे अडकली आहेत. कामाचा कंटाळा हे त्याचं कारण नव्हे.

तिसरी बाब प्रशिक्षणाची. महाराष्ट्र सरकारने 2024 मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना सुरू केली. शिक्षणानुसार महिना 6, 8 किंवा 10 हजार रुपये विद्यावेतन आणि सुरुवातीला सहा महिन्यांची मुदत. त्या मुदतीत प्रशिक्षणार्थी आकड्यातून बाहेर जातो. मुदत संपल्यावर नोकरी नसेल, तर तो परत आत येतो. ब्रिटनने 1980च्या दशकात हेच करून पाहिलं होतं. प्रशिक्षणाच्या शेवटी नोकरी नसेल तर मुलं प्रशिक्षण सोडतात आणि तीच मुलं पुढे शून्यात सापडतात, हा त्या अनुभवाचा धडा आपण तरी घ्यायला हवा.

काय करायला हवं

हे माप टाकून द्यावं, असं मी म्हणणार नाही. बेकारीच्या नेहमीच्या दरात फक्त काम शोधणारे मोजले जातात. निराश होऊन शोध सोडलेले आणि घरात अडकलेले त्यातून निसटतात. त्यांना समोर आणणारं दुसरं सोपं माप आपल्याजवळ नाही. कार्डिफच्या नोंदींनी ते 1994 मध्ये सिद्ध केलं आहे. पण हा आकडा एकत्र देऊन भागणार नाही. काम शोधणारे, परीक्षेची तयारी करणारे, घरकाम आणि मुलं-म्हातारी सांभाळणाऱ्या, आजारी किंवा अपंग, आणि शोध सोडून दिलेले असे पाच तुकडे करून तो जिल्हावार प्रसिद्ध व्हायला हवा. पहिल्यांना नोकरी हवी. दुसऱ्यांना भरतीचं वेळापत्रक पाळणारं सरकार हवं. तिसऱ्यांना पाळणाघर, घराजवळचं काम आणि सुरक्षित एसटी हवी. चौथ्यांना उपचार आणि आधार हवा. पाचव्यांच्या दारात जाणारा माणूस हवा. पाचही जणांना ‘कौशल्य विकास’ हे एकच औषध देण्याची आपली पद्धत चुकीची आहे.

आणि हा शब्द टक्केवारीपुरताच राहू द्यावा, माणसाला लावू नये. जपानमध्ये तो लावला गेला, तेव्हा शाळा-कंपन्यांच्या व्यवस्थेने टाकून दिलेली मुलं स्वतःलाच दोषी मानून गप्प बसली. आज त्या हिमयुगातली माणसं चाळिशी-पन्नाशीत आहेत, त्यांतली कित्येक कधीच स्थिरावली नाहीत, आणि जपान सरकार आता या वयात त्यांच्यासाठी नोकरीच्या योजना काढत आहे. तीस वर्षं उशिरा. महाराष्ट्रातली ‘तयारी’ करणारी आणि चुलीपाशी अडकलेली पिढी आज विशीत आहे. तिच्या बाबतीत एवढा उशीर व्हायचा नसेल, तर तिला नावं ठेवणं थांबवून तिची नीट मोजणी आजच सुरू करायला हवी.